कुणाच्याच वाटणीत नसलेले दिवस

तामित पगार होती. राजांची थडगी कोरणारे आमच्या डोंगरवस्तीचे कारागीर. त्यांना सरकारातून गहू यायचा, जव यायचे, मासे, सरपण, धुतलेले कपडे यायचे, आणि तामितही यायची. आलेला गहू दळणार कोण? म्हणून तिचे दिवस घरोघर वाटून दिलेले. एखादी बाई आपल्या वाट्याचा दिवस शेजारणीला देऊन बदल्यात टोपली घ्यायची. तामितला विचारतंय कोण!

ती पाट्यापुढे गुडघे टेकून बसायची. वरवंटा पुढे-मागे फिरू लागला, ती घुरघुर कानात भरली, की तिचे डोळे अर्धे मिटायचे आणि वस्ती विरून जायची. मग नदी दिसायची, काठावर पसरलेले पांढरे कपडे दिसायचे, आणि ते वाळत घालणारी बाकेत. बाकेत तिची लेक, लहानपणीच नदीवरच्या परटांकडे कामाला लावलेली. म्हणजे मायलेकी दोघीही याच वस्तीचा पगार, पण एक डोंगरात आणि एक पाण्याकाठी. धुऊन आलेले कपडे कुणाच्या ओट्यावर दिसले की तामित हळूच त्यात तोंड खुपसायची.

"काय गं, कपडे खातेस की काय?" बायका हसायच्या.

"खाते की! तुमच्या किडक्या गव्हापेक्षा बरे लागतात."

आमचे महिने सगळे तीस दिवसांचे. बारा महिने सरले की वर्षाच्या टोकाला पाच दिवस उरतात, ते कुठल्याच महिन्याचे नाहीत, म्हणून वाटणीतही नाहीत. लोक त्यांना अशुभ मानतात, घराबाहेर पडत नाहीत. तामित मात्र त्यांच्याच आशेवर वर्ष काढायची. स्वतःच्या वाट्याचं मूठमूठ पीठ साठवून भाकरी करायची, नदीवर न्यायची, लेकीला भरवायची आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची.

त्या वर्षी धान्यच आलं नाही. चुली थंड पडल्या. शेवटी कारागिरांनी हत्यारं टाकली आणि देवळामागे जाऊन बसले. पगार द्या, मग उठू. तामित त्यांना पाणी न्यायची आणि बघत राहायची. नुसतं बसून गहू येईल, हे तिला झोपेत पाहिल्यासारखं वाटायचं. आणि गहू आला की हो! गाढवांवर लादून आला, नेमका त्या पाच दिवसांच्या आदल्या दुपारी.

"ए तामित," केन्ना मुकादमाची बायको वेब्खेत म्हणाली, "उद्या उजाडताच माझ्याकडे ये. नवं वर्ष तोंडावर आलंय."

"मालकीणबाई, उद्याचा दिवस कुणाचाच नाही."

"मग माझा!"

"तुझा कसा गं? माझी पोरं उपाशी मरतायत," शेजारीण ओरडली. बघता बघता बायकांची जुंपली. ओढाओढ करत त्यांनी पाचही दिवस आपसात वाटून घेतले.

त्या पोरांची पहिली पेज तामितच्याच पिठाची होती. तिने दिवस मावळेपर्यंत घरोघर पोरांपुरतं दळून दिलं, साठवलेलं पीठही त्यातच घातलं. आणि सकाळी ती वस्तीच्या वेशीत जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून.

"ऊठ!" वेब्खेत धावत आली.

"पोरांचं काल झालं. मला लेकीकडे जाऊ द्या, मग उठते."

"अहो, बघा हिची मिजास!"

वेशीलगतच्या घरातून केन्ना बाहेर आला. तामितकडे बघून त्याने डोकं खाजवलं. "बसू दे गं. आम्हीपण असेच बसलो होतो."

"तुम्ही माणसं आहात हो! ही पगार आहे, पगार! पगार कधी रुसून बसतो का?"

आपण काय बोललो ते वेब्खेतलाही ऐकू आलं असावं. तिने मान फिरवली. केन्ना आत गेला. थोड्या वेळाने त्याच्या घरातून घुरघुर ऐकू आली, अडखळत, मध्येच थांबत.

"काय दळतोय मेला," तामित पुटपुटली आणि उठली.

वाट उताराची, पाय आपोआप चाललेले. नदीचं पाणी चढू लागलं होतं. बाकेत काठावरच उभी होती.

"आई, उशीर केलास."

"यंदा भाकरी नाही गं आणली." तामितने रिकामे हात दाखवले.

"माहीत होतं. वस्तीत काय चाललंय ते इथवर कळतं." बाकेतने फडक्यातून भाकरी काढली. "खा. परटिणीचा पाटा मागून आणला. मी दळलंय."

तामितने घास घेतला. पीठ जाडंभरडं होतं, दाताखाली वाळू कचकचली.

"वाईट झालीय ना?" बाकेत ओशाळली.

साऱ्या जन्मात तोंडात गेलेल्या प्रत्येक भाकरीचं पीठ तामितने स्वतःच दळलं होतं. आज पहिल्यांदा तिच्यासाठी दुसऱ्या कुणाचे गुडघे दुखले होते. ती रडत रडत खात राहिली आणि भाकरी संपल्यावर म्हणाली, "अजून आहे का गं?"