स्वराच्या नावानं बसलेली पोर

हे मी माझ्या हातानं वहीत लिहितोय. चौथी नापास माणूस, अक्षर वेडंवाकडं आहे. नातीला सांगितलं असतं तर तिनं मोबाइलवर पटापट टाइप करून दिलं असतं... पण हे तिनं वाचायचं नाही. पानांचे फोटो तुमच्या भुताखेतांच्या गोष्टींच्या ग्रुपवर पाठवतोय, ग्रुपवाल्यांनी टाइप करून घ्यावं.

आधीच सांगतो. भूत, करणी, लिंबू-मिरची — माझ्या दारात असलं कधी चाललं नाही. सगळी हयात माळावर मेंढरांमागं गेली. मला भेटलं ते लांडगं आणि कोल्हं, दुसरं काही नाही.

आमचं गाव म्हसवडपासून आत. शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्या, दारात लिंब. शाळेची जागा माझ्या वडलांनी दिलेली, त्यामुळं कुठलाही गुरुजी आला तरी माझा शब्द मोडत नाही.

मुलगा-सून मुंबईला. नात स्वरा माझ्याजवळ, तेव्हा तिसरीत होती. चढ लागला की तिला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. मला वाटायचं, शाळा चुकवायचं सोंग. दोन-तीनदा टाळक्यात दिल्यासुद्धा.

गेल्या साली शाळेत पोरांची तपासणी लागली. तालुक्याहून गाडी येते, डॉक्टरीण बाई छाती, डोळे, दात बघते आणि कार्डावर लिहिते. मी गुरुजींना म्हणालो, "पोरगी घरीच ठेवतो."

"आबा, गैरहजर राहिली तर तालुक्याला बोलावतील."

म्हणजे आलंच ते. कार्डावर दोष लिहिला की गावभर होणार, आणि उद्या पोरीला बघायला येणारा पहिल्यांदा तेच विचारणार. आमच्या घराण्यात आजवर कुणी आजारी म्हणून कागदावर चढलेलं नाही.

माझ्या मेंढरांमागं शिदू म्हणून गडी असतो. त्याची बायको सुनंदा माझा मेंढवाडा झाडते. त्यांची कोमल स्वराच्याच वर्गात. दणकट पोर... डोक्यावर एक, कमरेवर एक हंडा घेऊन चढ एका दमात चढायची. मी सुनंदाला म्हणालो, "उद्या कोमलला स्वराच्या नावानं बसवायची."

"आबा, आन् माझ्या पोरीची तपासणी?"

"तिला काय धाड भरलीया?"

सुनंदानं खराटा उचलला आणि झाडायला लागली. नाही म्हणून करते काय.

स्वराला त्या दिवशी घरी ठेवली, गुरुजींना तोंड उघडू नका म्हणून बजावलं. बाहेरची माणसं, त्यांना कोण स्वरा आणि कोण कोमल काय कळणार. मी खिडकीशी उभा होतो. बाईनं कोमलच्या छातीला नळी लावली. आणि कपाळाला आठी. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं.

"बाळ, चालताना दम लागतो?"

सगळ्याला 'न्हाई' म्हणायचं, असं मी तिला पढवून ठेवलेलं. ती म्हणाली, "लागतो. ओठ निळं पडत्यात. आबा म्हणत्यात सोंग करतीस, आन् टाळक्यात मारत्यात."

मला वाटलं, स्वरानं सांगितलं असणार मैत्रिणीला. पण नळीत आवाज कुठनं आला?

स्वराच्या कार्डावर शेरा पडला — हृदयाचा दोष, साताऱ्याला पाठवा. मुलापर्यंत बातमी गेली, तो मुंबईहून आला आणि स्वराला साताऱ्याला घेऊन गेला. मशीनवर बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "हिचं हृदय ठणठणीत आहे. पाठवलं कुणी?" येताना पोरगी एसटीतून उतरली ती घरापर्यंत पळत आली. आदल्या दिवशी जिला चढ चढता येत नव्हता, ती!

त्याच आठवड्यात कोमल चढावर निम्म्यात हंडा ठेवून खाली बसली. ओठ जांभळासारखे.

सुनंदानं तालुक्याला नेली, साताऱ्याला नेली. नळी लावली, मशीन झालं... काही नाही. अशक्तपणा म्हणून रक्ताच्या गोळ्या दिल्या. पोर वाळत चालली.

या साली परत गाडी यायची होती. आदल्या दिवशी सुनंदा दारात येऊन उभी राहिली.

"आबा, एकदा तिला स्वराच्या नावानं बसू द्या. तवा घावलं हुतं. परत घावंल, आपरेशन हुईल."

"येडी का खुळी तू? मी असलं मानत न्हाई."

"मानत न्हाई तर बसू द्या की. तुमचं काय जातंय मग?"

मी म्हणालो, "वाडा झाडायचा ऱ्हायलाय." आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी उभा होतोच. कोमल धापा टाकत ओळीत पुढं घुसली. या खेपेला दुसरी बाई होती. तिनं नाव विचारलं. पोरीनं सांगितलं, "स्वरा." आडनावासकट, माझ्या मुलाच्या नावासकट. आईनं पढवलं का तिचं तिनंच ठरवलं, ठाऊक नाही. बाईनं नळी लावली... आणि आठी पडली, तस्सीच. पेन उचललं.

मी खिडकीतनं ओरडलो, "ओ बाई! ती स्वरा न्हाई, कोमल हाय ती! गुरुजी, सांगा की!"

गुरुजींनी मान खाली घालून खरं नाव सांगितलं. बाई वैतागली. परत नळी लावली. आठी गेली. "काही नाही हिला. बाळ, खोटं बोलू नये." कार्डावर 'निरोगी' लिहिलं.

कोमल रडली नाही. खिडकीकडं बघत राहिली. ओळीत मागं उभी असलेली माझी स्वरा मात्र हसत होती — मैत्रीण खोटं बोलताना सापडली म्हणून.

आता कोमल वर्गात जात नाही. लिंबाखाली बसून असते, धाप लांबूनही ऐकू येते. सुनंदा वाडा झाडायला येते, पण माझ्याशी बोलत नाही. स्वरा दोन हंडे घेऊन चढ चढते.

मी अजूनही असलं काही मानत नाही. तुम्ही शिकलेली माणसं आहात, कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर कळवा. फक्त, त्या पोरीला माझ्या नातीच्या नावानं परत बसवा, एवढं सांगू नका. त्याच्याशिवाय दुसरं काही असेल तर सांगा.