मैनाबाई तायडे जागा शोधतात

अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून मैनाबाई तायडे यांनी अर्धा अकोला जिल्हा पालथा घातला होता. एसटी चुकली तर ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टर नाही मिळाला तर पायी. निवृत्त झाल्या, नवरा गेला. मुलगा संघपाल बँकेच्या नोकरीत हैदराबादला, मुलगी संध्या अमरावतीला शिक्षिका. अकोल्यातल्या घरात बाई एकट्या आणि मजेत होत्या.

एका सकाळी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दाराला आतून कडी. शेजारणीला हाका ऐकू जायला दुपार झाली.

ऑपरेशन चांगलं झालं, पण काही आठवडे उठवायला-बसवायला माणूस लागणार होतं. संध्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून पोरांनी आईला अकोल्यातच, जठारपेठेतल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथल्या नर्सबाई हलक्या हाताच्या होत्या. व्यायाम घेणारा मुलगा रोज यायचा. मैनाबाई कण्हत, त्याला शिव्या घालत, पण उठायच्या. आधी वॉकर, मग काठी, मग काठीही भिंतीला टेकून राहिली.

आता घरी जायचं, असं त्यांनी मनात धरलं. संध्याच्या मनात वेगळंच होतं.

"आई, इथंच राह्य ना. आमच्या जिवाले घोर नाई."

मैनाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. एका खाटेवरच्या आजींना नळीतून भरवत होते, दुसऱ्या खाटेवरच्या आजींना कुशीवर वळवायलाही दोघे लागायचे.

"या दोघीयले ही जागा पाह्यजेच, बाप्पा. मलेई पाह्यजे होती. पन आता मी चालून राहिली. बरी झालेली बाई दवाखान्यातच राह्यते काय?"

"मग एकटी राहून अजून पडशीन?"

न्हाणीतून मारलेल्या त्या हाका मैनाबाईंनाही आठवत होत्या.

काही दिवस त्यांनी संध्याकडे राहून पाहिलं. जावई सज्जन, नातवंडं गोड. पण सकाळी सगळे बाहेर पडले की बाई आणि टीव्ही. जिना उतरायची भीती, म्हणून खालची माणसं फक्त गॅलरीतून दिसायची. महिना व्हायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "संध्या, आपून जागा पाहाले जाऊ."

फोनवर संघपालचा आवाज पडला. "आई, लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन ते म्हनतीन. तू काहून रडून राहिला? मी पाहाले जातो म्हटलं, मराले नाई."

अंजनगाव सुर्जीच्या पुढे एक वृद्धाश्रम होता. स्वच्छ, पैसा न घेणारा. ज्यांना कुणीच नाही अशी माणसं तिथे एका लांब खोलीत राहत. मैनाबाईंनी तिथल्या कारकुनाला विचारलं, "बजारात जाचं असलं तर?"

"ऑफिसातून चिठ्ठी घ्यावी लागते, आजी."

बाई मोकळेपणाने हसल्या. "माह्या नोकरीत लोकायच्या रजा मीच मंजूर करत होती." परतताना त्या संध्याला म्हणाल्या, "वाईट नाई ते. ज्याले छप्पर नाई त्याच्यासाठी हाये. माह्यी अडचन छपराची नाई."

दुसरी जागा अमरावतीच्या बाहेर, खास म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांची. एका मजल्याची बुटकी घरं, स्वयंपाकाचा स्वतःचा ओटा, स्वतःचं कुलूप. कंटाळा आला तर मेसमध्ये जेवण. न्हाणीत धरायला दांडे आणि ओढायला घंटीची दोरी. मागे सहा खाटांचा छोटा वॉर्ड, तिथे चोवीस तास नर्स. व्यवस्थापक कुलदीप उत्साहाने सगळं दाखवत होता.

"उद्या मी खाटेवर पडली, तर हाकलून देसान काय?"

"नाही, मावशी. मग मागच्या वॉर्डात."

"आन् मले काहीच आठवेनासं झालं तर?"

कुलदीप अडखळला. "त्याची सोय नाही आमच्याकडे. तेव्हा दुसरी जागा पाहावी लागेल."

संध्याचा चेहरा उतरला, मैनाबाईंचा खुलला. "हा पोरगा नाई म्हनतो. म्हंजे याचं 'हो'ई खरं असन."

एक महिना राहून पाहायचं ठरलं. पहिले आठवडे जड गेले. ओळखीचं कुणी नाही, झोप उडालेली. दोनदा तर त्यांनी बॅग भरली आणि पुन्हा उपसली. मग एका संध्याकाळी त्यांनी वांग्याचं भरीत केलं आणि भाजल्या वांग्याच्या वासाने शेजारच्या माणिकबाई ताट घेऊनच दारात आल्या. दुसऱ्या दिवसापासून दोघी फिरायला जाऊ लागल्या. महिना संपला तेव्हा मैनाबाईंनी अकोल्याच्या घरात भाडेकरू ठेवला.

हिवाळ्यात जोराचा ताप आला. त्यांनी दोरी ओढली, नर्स आली, दोन दिवस मागच्या वॉर्डात काढले आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी आपल्या घरी परतल्या. बातमी ऐकून संघपाल हैदराबादहून धावत आला, तेव्हा बाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या.

तो खुर्चीवर बसला. मग हळूच म्हणाला, "आई, आमी तुले टाकलं असं वाटते काय तुले?"

"मले कोन टाकते रे? मी पाहून, विचारून, पसंत करून आली." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "हात धू. आन् माणिकबाईले आवाज दे, त्याईले तुले पाहाचं हाये."