पलंगपोसाखालचा जनरेटर

इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरी पिळून आक्का घरी आली, तेव्हा भोंगा लावलेली गाडी रस्त्याने बोंबलत चालली होती. उद्या दुपारी वादळ किनाऱ्याला लागणार.

"लागू दे बाई," आक्का स्वतःशीच म्हणाली, "पण मला आधी टेकू तरी दे."

टेकायला कोण देतो! नवऱ्याने कधीच दुसरीकडे बिऱ्हाड थाटलेलं. भाऊ परमुलखात, फोनवरून काळजी करण्यात पटाईत. घरात ती आणि तिचे वडील. अप्पांनी सगळी उमर सिमेंटच्या गोदामात काढली आणि फुप्फुसं तिथेच ठेवून आले. आता नाकात नळी आणि खाटेशेजारी हवेतून प्राणवायू ओढणारं मशीन. मशीन विजेवर चालायचं आणि अप्पा मशीनवर. वीज गेली तर कोपऱ्यातला सिलिंडर होता, पण तो फार तर काही तास पुरला असता.

मागच्या मोठ्या वादळात आठवडाभर वीज नव्हती. अप्पांना इस्पितळाच्या व्हरांड्यात पडून राहावं लागलं होतं. म्हणून भावाने जनरेटर पाठवला. पण अप्पांची जन्माची खोड अशी, की नवी वस्तू वापरायची नाही. नवी छत्री कपाटात, माणूस पावसात. जनरेटर आला तसा त्यांनी त्याच्यावर घरातला सगळ्यात चांगला पलंगपोस घातला. दर महिन्याला थोडा चालवा, असं तो आणून देणाऱ्या माणसाने बजावलं होतं. आक्काने दोरीला हात लावला की अप्पा खाटेवरून खेकसायचे, "उगाच इंजिन झिजवू नकोस!" आक्का कामावरून मेल्यासारखी आलेली असायची. भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने नाद सोडला.

सकाळी रजा टाकून तिने खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, कुंड्या आत घेतल्या, जनरेटर ओढत परसात नेला. पलंगपोस काढून दोरी खेचली. नुसतीच फुस्स. पुन्हा खेचली. खांद्यातून कळ आली, इंजिन ढिम्म.

शेजारी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री स्वतःच्या छपरावर चढून पत्रे बांधत होता.

"मिस्त्री, हे मेलं बोलेना!"

"शेवटचा कधी चालवलेला?"

आतून अप्पांचा आवाज आला, "नवा आहे तो!"

"नवा कसला अप्पा, नवरदेव आहे. शाल पांघरून बसवलाय नुसता!" मिस्त्री वरूनच हसला. मग आभाळाकडे बघून त्याचं हसू आटलं. "आक्का, मला आत्ता उतरता येत नाही, अर्धं छप्पर मोकळं आहे. मी सांगतो, तू कर. टाकीतलं जुनं पेट्रोल काढ, त्याचा डिंक झालाय. बाजूला कार्बोरेटर आहे, त्याच्याखाली वाटी दिसेल. एकच बोल्ट. वाटी काढलीस की आत पितळेची बारीक नळी. तिच्या भोकातून तार फिरव."

आक्काने जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून घेतली. चादरी पिळून सुजलेली बोटं, त्यात पेट्रोलने बुळबुळीत झालेली ती नळी. हातातून निसटली, तर वादळ संपेपर्यंत सापडायची नाही. जीव मुठीत धरून तिने ती साफ केली, परत बसवली, ताजं पेट्रोल ओतलं. दोन-चार हिसक्यांनंतर इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू झालं.

"आता आत घे," अप्पा म्हणाले. "माझ्या खोलीत. बाहेर भिजेल."

"आत घेतला तर धुरानेच मराल, वादळाची वाट कशाला बघायची?"

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आक्काने जनरेटर बंद करून परसाच्या टोकाला, न्हाणीच्या भिंतीआड विटांवर चढवला, वर चारी बाजूंनी मोकळा पत्रा बांधला आणि जुन्या पाइपाच्या भोकातून वायर आत घेतली.

दुपारी वारा सुटला आणि वीज गेली. आक्काने अप्पांना सिलिंडर लावला, भिजत बाहेर गेली, दोरी खेचली. आत मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं. अप्पांची नळी परत मशीनला जोडून ती ओल्या कपड्यांनिशीच खाटेला टेकून बसली.

थोड्या वेळाने बघते तर अप्पांनी नळी काढून उशीवर ठेवलेली. ओठ काळेनिळे.

"हे काय?"

"बंद कर... घटकाभर. बरं वाटतंय मला."

"अप्पा, इंजिन बिघडलं तर मिस्त्री आहे. तुम्ही बिघडलात तर कुणाच्या छपराखाली उभी राहून विचारू?"

"आणि तू किती दिवस... खेचणार?"

"वाद वादळ गेल्यावर घालू. मला झोप आलीय. नळी लावा."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नळी लावली. आक्काची मान तिथेच कलंडली.

काठीच्या टोच्याने तिला जाग आली. बाहेर कुणाचं तरी छप्पर खडखडत चाललं होतं.

"ऊठ," अप्पा म्हणाले. "आवाज बदललाय. पेट्रोल संपत आलंय."

"हं."

"बंद करून गार होऊ दे आधी, मग ओत."

"माहितीय हो." आक्काने सिलिंडर उघडून त्यांच्या नळीला जोडला आणि कॅन उचलला.

"लवकर ये," अप्पा म्हणाले.