ओट्याचे मिस्त्री

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत ओट्यांचे ग्रॅनाइट बसवणारे मिस्त्री एक वाक्य दोन श्वासांत बोलतात. वर्षानुवर्षं कोरडा दगड कापून त्यांच्या फुप्फुसांत धूळ बसली आहे.

आमचा ओटा करताना माझी लेक बघायला जवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी लगेच दगड कापायचं मशीन बंद केलं. "बिटिया, ये धूल अंदर गई... तो निकलती नहीं."

मग मिस्त्रींनी आणि मी ती जड लादी तीन मजले खाली उतरवली. प्रत्येक वळणावर ते धापा टाकत थांबत होते. खाली अंगणात पाणी ओतत ओतत त्यांनी दगड कापला.

मी मनापासून आभार मानले. ते ओशाळून हसले.

"हमें तो... किसी ने बताया ही नहीं था, साहब."