रोसाने खिडकी लावली

कोस्टा रिकात मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर राजकारणाच्या गप्पा हाणत हिंडत होतो. टॅक्सीवाला राष्ट्राध्यक्षांना खुशाल शिव्या घालायचा आणि शेजारचा पोलीस हसायचा. ज्या देशात सैन्यच नाही, तिथे भ्यायचं कुणाला! त्याच तोऱ्यात मी घरमालकिणीला, निकाराग्वाहून आलेल्या रोसाला, खणखणीत आवाजात विचारलं, "काय रोसाबाई, तुमच्याकडचं सरकार कसं काय?"

रोसाने मक्याची भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि आधी खिडकी लावली.

"अहो, सरहद्द केवढी लांब," मी भूगोल पाजळला. "इथलं तिथे कोण ऐकतंय?"

"कुणीच नाही. पण माझा भाऊ तिथे आहे ना. हळू बोला."

राज्यव्यवस्था म्हणजे संसद, घटना, निवडणुका, असं मी समजत आलो होतो. माणूस घरात किती मोठ्याने बोलतो, हे त्यात कधी धरलंच नव्हतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. रोसा पावसाबद्दल बोलली, कोंबड्यांबद्दल बोलली, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलली. तू कसा आहेस, एवढं मात्र तिने विचारलं नाही.