साहेबांचा पाम आणि पोंग्यावरची रेघ

चाळीस वर्षं लोकांच्या बागा केल्या. बागेतला पालापाचोळा रोज झाडून काढता येतो, किस्से मात्र साचत जातात. माझ्याकडचा सगळ्यात मोठा ढीग सिडकोतल्या कुलकर्णी साहेबांच्या पामचा आहे.

साहेब चिकलठाण्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी बंगळूरहून एक रोप मागवलं. खोक्यात वीतभर हिरवी पाती.

"नामदेव, हे साधं झाड नाही. दोन वेगळ्या जातींचा संकर आहे. हायब्रीड. असं रोप सहसा मिळत नाही."

मी पाचोडकडचा. हायब्रीड म्हटलं की मला ज्वारी आठवते.

"मंग साहेब, याचं बी दरसाल नवं आणावं लागंल."

"याला बी धरतच नाही. याच्यापासून दुसरं झाड होत नाही."

"मंग करतं काय ते?"

साहेबांनी जरा विचार केला. "उभं राहतं."

आतून साहेबांच्या मिसेस, आमच्या बाई, म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यासारखंच."

*

पाच-सहा वर्षांत पाम छातीएवढा झाला. आल्यागेल्याला साहेब त्याचं लॅटिन नाव ऐकवायचे. नाव संपेपर्यंत पाहुण्याचा चहा गार व्हायचा.

शेजारचे पाटील वाळूजला कंपनीत होते. एकदा शिफ्टवरून येताना ते फाटकातून आत आले. त्यांनी पामभोवती एक चक्कर मारली.

"साहेब, ही तर शिंदी. आमच्या गावाला वढ्याकाठी रग्गड हाय. झाडू बांधतेत तिचे."

बाईंनी चहा आणला, तेव्हा बिस्किटांची बशी तेवढी साहेबांनी आपल्याकडं ओढून घेतली.

*

बाई पामला 'माझी सवत' म्हणायच्या. मी खाली बसून आळं करत असलो की विचारायच्या, "नामदेवभाऊ, झाली का सवतीची वेणीफणी?"

नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. त्या उन्हाळ्यात साहेब स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचे आणि उरलेली अर्धी सकाळी पामला घालायचे. मला वाटायचं, साहेब विसरत असतील. म्हणून संध्याकाळी मी एक घागर ओतायचो. बाई दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, कुणाला न सांगता. पामला शिंदी म्हटल्याचं पाटलांच्याही मनाला लागलं असावं. तेही भिंतीवरून पाइप सोडायचे.

आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ते झाड जास्त पाण्यानं आजारी पडलं.

*

पामच्या मधोमध न उलगडलेलं कोवळं पान असतं, त्याला आम्ही पोंगा म्हणतो. पामला वाढायला तेवढी एकच जागा. पोंगा सडला की झाड गेलं. आमचा पोंगा वाढायचा थांबला.

मी पाणी बंद केलं, बुडाची ओली माती काढली, साहेबांनी आणलेलं बुरशीचं औषध घातलं.

"दुसरं रोप मागवू, साहेब."

"हे वाढवायला सहा वर्षं लागली, नामदेव. आता माझ्याकडं तेवढी नाहीत."

त्यांनी नातीच्या हिरव्या स्केचपेननं पोंग्यावर आणि शेजारच्या देठावर एका पातळीत रेघ ओढली. पोंगा वाढला, की त्याच्यावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर जाणार. रोज सकाळी चष्मा लावून बघायचे. रेघ जागच्या जागी. साहेबांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मला ते बघवेना. एके दिवशी त्यांच्या आधी येऊन मी पोंग्यावरची रेघ ओल्या बोटानं पुसली आणि थोडी वर ओढली. त्या दिवशी साहेबांनी एक पोळी जास्त खाल्ली. मग मी ते रोजचंच केलं.

एके सकाळी साहेबांनी बोटं लावून मोजलं.

"एका रात्रीत चार बोटं. बांबूलासुद्धा एवढी घाई नसते."

मी तर दोनच बोटं सरकवली होती. वर बघितलं तर बाई पदरानं बोटाची हिरवी शाई पुसत होत्या.

*

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "मला आधीच कळलं होतं. नामदेवची रेघ वाकडी असते, हिची सरळ."

"मग बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही दोघं एवढ्या पहाटे उठत होता. म्हटलं, कशाला मोडता घाला."

मग त्यांनी दोन्ही खुणा पुसल्या, स्वतः नव्या ओढल्या आणि पेन खिशात ठेवलं. बारा दिवस कुणी पामजवळ गेलं नाही. पाटलांनी पाइपसुद्धा गुंडाळून ठेवला.

तेराव्या सकाळी साहेबांनी हाक मारली. आम्ही गेलो. पोंग्यावरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा बोटभर वर होती.

साहेबांनी बाईंकडं बघितलं.

"देवाशपथ, मी नाही."

माझ्याकडं बघितलं.

"म्या बी नाय, साहेब."

साहेब वाकून बराच वेळ बघत राहिले. "रेघ माझीच आहे," हळूच म्हणाले. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

"पुढची तू ओढ. वाकडी चालेल."