ओढ्याच्या अलीकडं

तालुका फार मोठा म्हणून त्याचे दोन केले. ओढ्याच्या वरचा उत्तर, खालचा दक्षिण. कचेऱ्या मात्र एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना राहिल्या. परवा तिथल्या बाकावर बसले होते. शेजारी दोन म्हाताऱ्या, सख्ख्या बहिणी, ओढ्याच्या दोन काठांवर, समोरासमोरच्या घरांत दिलेल्या. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायला आलेल्या.

शिपायाने विचारलं, "आजी, घर ओढ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं," थोरली म्हणाली.

"माझं बी अलीकडंच," धाकटी म्हणाली.

शिपाई वैतागला. "समोरासमोर घरं म्हणता, अन् दोघी अलीकडं कशा?"

मला हसू आलं, पण खोटं कोण बोललं होतं? आपल्या उंबऱ्यातून पाहिलं की आपला काठ अलीकडेच असतो. उत्तर-दक्षिण दिसते ती नकाशासमोर उभ्या असलेल्या साहेबाला. त्या बिचाऱ्यालाही कुठेतरी रेघ ओढावीच लागते. नाहीतर कुणाचं गाऱ्हाणं कुणी ऐकायचं? फक्त ओढ्यात समोरासमोर धुणं धुणाऱ्या बहिणी नकाशात दिसत नाहीत, एवढंच.

शेवटी दोघींना दोन टोकांना धाडलं. थोडा वेळ गेला. उत्तरेच्या दारात थोरली आली. ओळख पटवायला कुणीतरी माणूस आणा, असं आत सांगितलं होतं. तिने तिथूनच हाक घातली,

"शेवंते, ये गं जरा! मी जिती हाय म्हणून सांग ह्यास्नी."

दक्षिणेच्या रांगेत धाकटीचा नंबर अगदी दाराशी आला होता. तो सोडून ती निघाली.